बारावा रकाना

२ एप्रिल १९३०, बुधवार

शपथ घेतली. ग्रंथावर हात ठेवून — जे खरं ते लिहीन, आणि जे लिहीन ते कुणाला सांगणार नाही. मग ही वही कशाला? वहीला तोंड नाही, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

शिरगणतीच्या क्रँडलसाहेबांनी कागद दिले, पिशवी दिली, कोटाला लावायचा बिल्ला दिला. सॉरेल ओढ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंतची सगळी घरं माझ्याकडे. नाव, वय, जन्म कुठला, लिहिता-वाचता येतं का, हे सगळं विचारून भरायचं. बारावा रकाना मात्र बघून भरायचा. वर्णाचा रकाना. गोरा, काळा, नाहीतर इंडियन, म्हणजे गोऱ्यांच्या आधीपासूनचा अमेरिकेचा मूळचा माणूस. म्हणाले, थेंबभर काळं रक्त असलं तरी काळाच लिहा, मिश्र-बिश्र यंदा नाही.

मी विचारलं, थेंब दिसतो कसा?

"तुम्हाला दिसला नाही तर शेजाऱ्यांना विचारा," म्हणाले. "त्यांना दिसतो."

५ एप्रिल, शनिवार

आज सव्वीस माणसं. पाय भरून आले. डोंगरात रानलसूण उगवलीय, घराघरातून तोच वास. शाळेतल्या बाईंनी ती खाऊन आलेली अर्धी पोरं म्हणे पायरीवर बसवली होती.

विधवा ट्रिप्लेटबाईंनी वय चव्वेचाळीस सांगितलं. मी म्हटलं, बाई, तुमचा मुलगाच अडतीसचा आहे. तर म्हणतात कशा, "गेल्या खेपेलाही चव्वेचाळीसच सांगितलं होतं. आता बदललं तर सरकार म्हणेल, बाई खोटं बोलते."

दुपारी नदीकाठी गेलो. तिथला आयझम हा लोहार रंगाने माझ्याहून उजळ आहे. मी काही विचारलं नाही. त्याने माझ्या पेनाकडे पाहिलं, मी 'काळा' लिहिलं, त्याने मान हलवली. मग म्हणाला, दोन दिवसांत पाऊस येईल. मीही म्हटलं, येईल.

९ एप्रिल, बुधवार

डोळे मिटले तरी रकाना दिसतो. उभा, अरुंद. विहिरीसारखा.

१२ एप्रिल, शनिवार

मॅब्रींच्या घरी गेलो. हे लिहायलाच हवं.

ही डोंगरमाथ्यावरची मंडळी. केस काळेभोर, गालफडं वर, रंग उन्हात राबल्यासारखा, तो हिवाळ्यातही उतरत नाही. गावात त्यांना सगळे 'पोर्तुगीज' म्हणतात. समुद्र कुणीच पाहिलेला नाही, ना त्यांनी ना आम्ही. पण शब्द सोयीचा आहे. पोर्तुगीज म्हटलं की त्यांची पोरं आमच्या पोरांबरोबर शाळेत बसतात आणि कुणाला मान वळवावी लागत नाही.

एनॉक मॅब्री फाटकापाशीच आडवा आला. चाळिशीचा असेल. माझ्याबरोबर चर्चमध्ये वीस वर्षं बसतोय. टोपी हातात धरून म्हणाला, "दादा, काय लिहायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन पोरं शाळेत आहेत. दोन पुढे जायची आहेत."

ठाऊक होतं. या काउंटीत जे गोरं नाही ते काळंच धरतात. काळ्यांची शाळा नदीपलीकडे, चौदा मैलांवर. म्हणजे शाळाच नाही.

आत त्याची आई बसली होती, डेल्फी आजी. वय ऐंशी, पण पाठ ताठ. तिने आधी मला घरामागे नेलं. तिथे अकरा दगड उभे आहेत, बिननावाचे. म्हणाली, "ही माझी आई, ही तिची आई. यांतली एकही बोटीतून उतरलेली नाही. आम्ही इंडियन, पोरा. तुझ्या पणज्याने पहिलं झाड तोडलं तेव्हा याच माणसांनी त्याला पाणी दिलं. आजवर चारदा मोजणीवाले आले. कुणी पोर्तुगीज लिहिलं, कुणी काहीबाही. मरायच्या आधी एकदा मला मी म्हणून लिही."

मी टेबलाशी बसलो. एनॉक दारात उभा. त्याची बायको कॉर्डी चुलीपाशी, घेवडा ढवळणारा हात थांबलेला. सात माणसं, सात ओळी. मी सातही ओळींत 'गोरे' लिहिलं.

लिहिलेली ओळ वाचून दाखवायची ही माझी पहिल्या दिवसापासूनची सवय. आजीला अक्षर येत नाही. म्हणाली, "माझी वाच."

मी कागदावर बोट ठेवून वाचलं — डेल्फी मॅब्री, वय ऐंशी, विधवा, इंडियन.

तिने माझं बोट होतं तिथे आपलं बोट ठेवलं. शाई ओली होती.

२० एप्रिल, ईस्टर

चर्च भरलेलं. मी आपल्या बाकावर, आणि प्रत्येकाच्या कपाळावर मला शब्द दिसायला लागला. आमच्या धर्मगुरूंच्या, ट्रिप्लेटबाईंच्या, वेस्टाच्या सुद्धा — माझ्या बायकोच्या! प्रार्थनेला डोळे मिटले तर रकाना. उघडले तर कपाळं.

बाहेर पडताना डेल्फी आजीने हात धरला. कांद्याच्या सालींत रंगवलेली सहा अंडी रुमालात बांधून दिली. मी एकही सोललं नाही.

वेस्टा म्हणाली, "जेवतानाही मोजताय का हो कुणाला?"

३० एप्रिल, बुधवार

कागद क्रँडलसाहेबांकडे पोचवले. चारशे अठरा माणसं. वाटलं होतं, हलकं वाटेल.

३ मे, शनिवार

मीठ आणायला स्टाइल्सच्या दुकानात गेलो. होबार्ट स्टाइल्स शाळेच्या पंचांपैकी एक. माझं मीठ तोलता तोलता म्हणाला, काल डोंगरावरची डेल्फी म्हातारी आली होती, सगळ्यांसमोर सांगत होती की सरकारने तिला इंडियन लिहिलंय. फार खुशीत होती म्हणे. "बरं झालं कळलं," म्हणाला. "पंचांना बघावं लागेल."

पोरं वाचावीत म्हणून कागदावर एक लिहिलं. म्हातारी सुखावावी म्हणून तोंडाने एक बोललो. आणि बोललेलंच आधी गावात पोचलं.

७ मे, बुधवार

मॅब्रींच्या पोरांना शाळेच्या दारातून परत पाठवलं. शनिवारी पंच बसणार, तोवर यायचं नाही.

संध्याकाळी एनॉक आला. ओसरीवर बसला नाही, पायरीखाली उभा राहिला. तंबाखूच्या रोपांची चौकशी केली. गाईची केली. मग म्हणाला, "तुम्ही काय लिहिलं ते मी दारातून पाहिलं होतं, दादा. शनिवारी येऊन सांगा तेवढं."

मी शपथेचं सांगितलं. लिहिलेलं उघड करता येत नाही.

त्याने टोपी डोक्यावर घातली. "आईला वाचून दाखवलंत तेव्हा शपथ कुठे होती?" एवढंच म्हणाला. आवाज न चढवता. आणि गेला.

गुडघे टेकून विचारलं, देवा, यांतलं कुठलं मोडू? मोडायचं ते आधीच मोडलं होतं.

१० मे, शनिवार

शाळेत गेलो. तीन पंच मास्तरीणबाईंच्या टेबलामागे, स्टाइल्स मधोमध. आम्ही पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकलेले. एनॉक, कॉर्डी, आणि डेल्फी आजी. तिला घरी ठेवायचा प्रयत्न केला होता, पण ती ऐकली नाही. म्हणे मोजणीवालाच साक्षीला आहे, मग भीती कसली?

मी तिच्या बाजूने साक्ष देईन असं वाटून आली होती ती.

स्टाइल्सने मला उभं केलं, हात वर करायला लावला. विचारलं, या घरात इंडियन किंवा काळं म्हणून कुणाची नोंद आहे का?

मी म्हटलं, "नाही. सातही माणसं गोरी आहेत. सरकारी कागदावर तसंच आहे."

म्हातारीबद्दल विचारलं. मी म्हटलं, तिचंही तसंच.

स्टाइल्स खुर्चीत मागे टेकला. दुसरा पंच हसून म्हणाला, वय झालं की माणूस काहीबाही ऐकतं. पोरांनी सोमवारपासून यावं असं ठरलं. दोन मिनिटांत सगळं आटोपलं. एनॉकने माझ्याकडे पाहिलं नाही.

डेल्फी आजी बाकावरून उठली, माझ्यासमोर आली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं —

"मग त्या दिवशी तू वाचलंस काय?"

११ मे, रविवार

चर्चला गेलो नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२५ मे, रविवार

गेलो. तीही आली होती. मला ओलांडून गेली, रागाने नाही, रिकाम्या बाकाला ओलांडून जावं तशी.

कॉर्डीने वेस्टाला सांगितलं ते वेस्टाने मला घरी आल्यावर सांगितलं. म्हातारी रोज शाळा सुटायची वाट बघते. नात आली की तिला पाटी घेऊन समोर बसवते आणि एकेक अक्षर गिरवते. आठ अक्षरं झाली. या वयात कशाला, म्हणून कॉर्डी हसली, तर म्हणाली, "आता मला कुणी वाचून दाखवायला नको."

वेस्टालाही कौतुक वाटलं. मी उठून गोठ्यात गेलो. अकरा बिननावाचे दगड होते, बारावी ती. निदान पोरं शाळेत आहेत. दिवसभर एवढंच धरून आहे. पोरं शाळेत आहेत.

१४ जून, शनिवार

बिल्ला आणि पिशवी परत द्यायला काउंटीच्या कचेरीत गेलो. क्रँडलसाहेब खुशीत होते. म्हणाले, अक्षर सुरेख तुमचं, अख्ख्या मोजणीत एकाच घरी दुरुस्ती करावी लागली. त्या घराण्याचं मूळ आमच्या वडिलांना चांगलं माहीत होतं, असंही म्हणाले.

पान समोर धरलं. वर माझं नाव, माझी सही. खाली सातही ओळींत 'गोरे'वर तांबडी रेघ, आणि शेजारी त्यांच्या हातचं — काळे. डेल्फी आजीच्या ओळीतही. समासात तारीख घातलीय, ६ मे. मी पंचांसमोर हात वर केला त्याच्या चार दिवस आधीची.

"कागद सोमवारी राजधानीला जातात," म्हणाले. "काही राहिलंय का?"

मी म्हटलं, नाही. आणि दुरुस्तीखाली सही केली.