नडगीतल्या अकरा गोळ्या

आर्वी,
१४ ऑक्टोबर १९८४

प्रिय वच्छू,

माझ्या नडगीत बसवलेल्या प्लास्टरच्या अकरा गोळ्या दवाखान्याला जवळजवळ फुकटात पडल्या, असं तू म्हणाली होतीस. मी खरी किंमत काढली. मूठभर प्लास्टर, तुझ्या आईचे पाच उपास, माझं दोन महिने खाटेवर लोळणं आणि तुझ्या हातून गेलेलं ऑपरेशनचं टेबल. टेबल सगळ्यात महाग पडलं. आणखी एक बाब आहे, ती शेवटी लिहितो. आधी लिहिली तर तू पुढचं वाचणार नाहीस.

येत्या शुक्रवारी तुमची मोठी डॉक्टर मंडळी बसून ठरवणार, की विरघळणाऱ्या गोळ्यांचं तुझं काम पुन्हा सुरू करायचं की कायमचं बंद. तू आईला लिहिलंस, बंद झालं तर हाडांचं काम सोडून डोळ्यांकडे जाईन. खबरदार! मी खडूचा कारखाना टाकला तेव्हा आर्वीचे लोक म्हणत, "प्रेमदास चुना वाळवून राह्यला, आता पान कोण लावते?" आज इथून पवनारपर्यंत किती फळ्यांवर माझा खडू चालतो ते त्यांच्या पोरांना विचार. आपण हटणारी माणसं नाही. शुक्रवारी मी बिनाकाठीचा येईन, तुमचा तीन मजल्यांचा जिना चढीन आणि त्या साहेबांच्या टेबलापुढे हाच पाय आपटून दाखवीन.

त्यांचं मन मला ठाऊक आहे. माझे कान तू जाणतेस. दोन खडू एकमेकांवर वाजवले की मला कळतं, कोरडा टण्ण वाजतो, ओला भद्द. बत्तीस वर्षं याच कानांनी माल पारखला. जूनमध्ये तुमच्या व्हरांड्यात मी डोळे मिटून पडलो होतो, तेव्हा दोन साहेब बाजूला चहा पीत होते. एक म्हणाला, "हाडाचं काम म्हणजे सुतारकी, बाईमाणूस हातोडा काय धरणार?" दुसरा म्हणाला, "अन् बाप खडूवाला! पोरगी बापाच्याच पायात खडू भरून राह्यली, घरचाच फळा!" विनोद चांगला होता, मीही पांघरुणात हसलो. पण विसरलो नाही.

तू मला ऑपरेशनच्या आधी समजावलं होतंस, ते आता कुठे डोक्यात बसतंय. जुना पू खरवडून काढला की हाडात बोराएवढी पोकळी राहते. तिथे लोखंड बसवलं तर ते पाहुणं म्हणून येतं आणि घरमालक होऊन बसतं, काढायचं तर पुन्हा चिरा. प्लास्टरच्या गोळीचं तसं नाही. अंगातलं पाणी तिला बाहेरून पापुद्र्या-पापुद्र्यानं चाटत नेतं, आणि मोकळ्या झालेल्या तेवढ्याच जागेत कडेचं जिवंत हाड आपल्या बारीक रक्तनळ्या घेऊन शिरतं. गोळी फार लवकर गेली तर भोक उरतं, फार रेंगाळली तर हाडाला शिरायला वाव नाही. आपल्या कारखान्यात माल बाहेर निघतो आणि साचा राहतो. तुझ्या कामात साचाच विरून जातो आणि माल राहतो. एवढी साधी गोष्ट, पण बत्तीस वर्षं साचे धुणाऱ्या माणसाला ती उलटी वाटली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात टाक्यांतून पांढरं पाणी येऊ लागलं. पट्टी बदलायला येणारा नत्थू ड्रेसर म्हणाला, "काकाजी, भिऊ नोका. बाईनं सांगतलंच होतं, हे पाणी येते अन् जाते." तुझी आई म्हणाली, "पोरीनं सांगतलं तेच होऊन राह्यलं ना, मंग काऊन घाबरता?" मला मात्र पावसाळ्यात भिजलेली खडूची पोती दिसत होती. तू बारावी गोळी आठवण म्हणून देव्हाऱ्यात ठेवून गेली होतीस, उघड्या वाटीत, दमट हवेत. मी ती नखानं वाजवली. भद्द! खडूवाल्याच्या लेखी निकाल लागला. माल बाद. विरणं हेच जिचं काम, तिला मी न विरण्याच्या परीक्षेत नापास केलं.

परवा पायाची नवी एक्स-रे फिल्म काढली. मी ती दारात उन्हात धरून पाहिली. सहाव्या आठवड्यात गोळ्या भाकरीच्या चुऱ्यासारख्या धूसर दिसत होत्या, आता एक ठिपकाही नाही. पोकळीच्या जागी हाडाची बारीक जाळी आहे, कडा कुठे संपते ते बोट ठेवून सांगता येत नाही. आई म्हणाली, "तुमचा पाय तुमचाच झाला जी."

आता ती राहिलेली बाब. "या डॉक्टरणीचा माल रोग्याच्या पायात कुजतो" असं जे निनावी पत्र जुलैत तुमच्या मोठ्या साहेबांना मिळालं आणि ज्यापायी तुझं टेबल गेलं, ते नत्थूनं लिहिलं नाही. पट्टी तोच बदलायचा म्हणून तू त्या गरीब माणसावर संशय घेऊन बोलणं टाकलंस, तोही खाली मान घालून जातो. तहसिलीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीस हिरालालकडून ते मी टंकून घेतलं. पाय जाईल या भीतीनं घेतलं, आणि लेकीविरुद्ध सही करायची लाज वाटली म्हणून नाव गाळलं. शुक्रवारी मी हे त्या सगळ्यांसमोर बोलणार आहे, फिल्म टेबलावर ठेवून आणि या खेपेला सही करून. त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं, पण "खडू भरला" म्हणणाऱ्यांनी तो खडू फिल्मवर शोधून दाखवावा. तू माझ्यावर रागाव, हवं तर घरी येऊ नकोस. नत्थूची मात्र माफी माग, मी मागितली आहे. आणि डोळ्यांकडे जाऊ नकोस.

तुझाच, आता आपल्या हाडावर उभा असलेला,
बाबा

ता. क. बिनाकाठीचा येईन असं वर लिहिलं आहे. जिना चढताना काठी लागत नाही. उतरताना लागते.