भाषणांच्या दुकानाची वाटणी

एका निवृत्तीच्या भाषणाला खरा खर्च किती येतो ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढची वाटणी कळायला सोपी जाईल. पाटीवरचा दर सोडा. खरा खर्च असा: ग्राहकाचा चहा, त्याच्यासोबत उगाच आलेल्या मेहुण्याचा चहा, "साहेब फार चांगले होते" हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकणं, साहेब खोलीतून जाताना आत माणसं बसलेली असली तरी पंखा बंद करून जात हे एकदाचं बाहेर पडणं, आणि त्यानंतर माझी एक अख्खी दुपार. यंत्राला, म्हणजे एआयला, ह्यातलं काहीच लागत नाही. ग्राहक खुर्ची ओढतोय तोवर भाषण तयार.

ह्या एवढ्या फरकावरून माझी दोन मुलं एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. माझ्यामागे दुकान टिकावं म्हणून हे मृत्युपत्र.

मी, खाली सही करणारा, 'लेखन करून मिळेल' ह्या दुकानाचा मालक, वय सत्तरीच्या पुढे, हे राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी काढून दाखवलंच तर ते रद्द समजावं. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर शेवटी जोडतील. कानांना दाखल्याची गरज नाही. समोरचा मनातलं बोलतोय की पाठ केलेलं, हे मला त्याच्या पहिल्या वाक्यात कळतं, आणि यंत्राचा मजकूर तर कुणी पलीकडच्या खोलीत वाचला तरी मी ओळखतो. हल्लीचे ग्राहक पुटपुटतात, तो भाग वेगळा. वडिलांकडून मला फक्त आडनाव मिळालं, तेही लिहायला लांब. बाकी सगळं ह्या कानांवर उभं केलं.

कलम १. राहतं घर दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं. न्हाणीघराची कडी आतून लागत नाही. ज्याच्या वाट्याला ते येईल त्याने आत असताना गात राहावं. मी गात आलो आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक दोघांना सारखी. आकडा बघून कुणी हिरमुसू नये, मीही पूर्वीच हिरमुसून घेतलं आहे.

कलम ३. जुना टाइपरायटर कोपऱ्यावरच्या छापखानेवाल्याला. त्याचं 'र' उठत नाही, ते त्याला आधी सांगू नये. ह्या गृहस्थाने आयुष्यभर लोकांना तयार नमुन्यांची वही दाखवून "ह्यातला एक निवडा, खाली नाव घालतो" म्हणत मजकूर विकला. यंत्र आल्यावर हाच माझ्याकडे येऊन सुस्कारा सोडतो, "लेखनातला जीव गेला हो." त्याच्या वहीत हा जीव कधी मुक्कामाला होता, हे मी विचारलं नाही. टाइपरायटर पोचला की समजेल.

कलम ४. यंत्राविषयी. ते धाकट्या चिरंजीवांनी दुकानात आणलं. थोरली म्हणाली, "बाबा, हे राहिलं तर मी चालले." धाकटा म्हणाला, "हे गेलं तर दुकान चाललं. ताई, लोक आता घरबसल्या फोनवर फुकट लिहून घेतात." दोघंही बरोबर होते, हीच पंचाईत.

यंत्राचा तोटा आम्ही भर सभेत पाहिला. एकाच इमारतीतली दोन माणसं एकाच आठवड्यात वारली: तळमजल्यावरचे पहिलवान आणि वरच्या मजल्यावर शिवण शिकवणाऱ्या बाई. दोन्ही शोकसभांची भाषणं धाकट्याने यंत्राकडून घेतली. त्याला सांगितलं होतं फक्त नाव, वय आणि 'भावुक कर'. दोन्ही भाषणांत निघालं, "त्यांच्या मऊ हातांनी अनेकांची आयुष्यं विणली." बाईंना ते शोभलं. पहिलवानांच्या सभेत मात्र त्यांचा मुलगा ते वाक्य वाचून थबकला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "ज्यांना त्या मऊ हातांची बसली, त्यांना विचारा." सगळी सभा हसली. शोकसभेत हसू येणं वाईट नाही. ते आमच्या मजकुरावर आलं, हे वाईट.

आता फायदा. आमच्या गल्लीतला लिफ्टवाला बोलताना अडखळतो. मुलीच्या लग्नात चार शब्द बोलायचे म्हणून तो माझ्याकडे येई आणि तसाच परत जाई, कारण त्याची वाक्यं मीच पुरी करून टाकायचो. धाकट्याने त्याला यंत्रासमोर बसवलं. एका बोटाने टाइप करत तो सगळी दुपार "नाही, असं नाही" म्हणत राहिला आणि यंत्र मुकाट्याने बदलत राहिलं. यंत्र उसासा टाकत नाही. मी टाकतो. थोरली माझ्याहून मोठा टाकते. संध्याकाळी लिफ्टवाल्याकडे चार वाक्यं होती आणि चारही त्याचीच होती.

ही, म्हणजे माझी बायको, गेली तेव्हा माझं पेन चालेना. अख्ख्या गावाच्या बायकांवर लिहिलेला माणूस मी, स्वतःच्या बायकोवर ओळ सुचत नव्हती. धाकट्याने न विचारता यंत्राकडून लिहून आणलं: "त्या शांत, सोशिक व मितभाषी होत्या." ही? हिने दूधवाल्याला दारातून परत पाठवला, की त्याच्या दुधातल्या पाण्याची बातमी सगळ्या मजल्यांना एकदमच कळायची. मी 'शांत' खोडलं. 'सोशिक' खोडलं. 'मितभाषी' तर दोनदा खोडलं, आणि खोडता खोडता पान भरलं. यंत्राचा उपयोग मला तेव्हा उमगला. ते झटपट चुकीचं लिहून देतं, आणि चुकीचं डोळ्यांसमोर आलं की बरोबर काय होतं ते आठवायला लागतं. मात्र त्यासाठी तिच्याबरोबर संसार केलेला असावा लागतो. तो यंत्राने केलेला नव्हता.

कलम ५. दुकान. हे मधोमध चिरता येत नाही, म्हणून मी परीक्षा घेतली. दोघांनी माझ्या शोकसभेचं भाषण आत्ताच लिहावं, थोरलीने हाताने, धाकट्याने यंत्राने. शेजारच्या चष्मेवाल्याने दोन्ही भाषणं एकाच टाइपात, नावं न घालता छापून आणावीत. मला जे भिडेल, त्याचं दुकान.

पहिल्या कागदात मी 'कर्तव्यदक्ष पिता, प्रेमळ मार्गदर्शक आणि शब्दसृष्टीचा दीपस्तंभ' निघालो. दुसऱ्यात होतं: "डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून ते ग्राहकाचा चहा पुरेसा गोड झालाय का, हे स्वतः एक घोट घेऊन बघायचे. रोज. प्रत्येक ग्राहकाचा."

पहिला कागद यंत्राचा आणि दुसरा थोरलीचा, हे सांगायला मला कागद उलटावासुद्धा लागला नाही. सबब दुकान, पाटी, ग्राहकाची खुर्ची आणि तिच्यावर बसणारे सगळे थोरलीला. यंत्र धाकट्याला, त्याने ते आपल्या घरी न्यावं.

कलम ६. वरचं कलम लिहून झाल्यावर चष्मेवाला साक्षीदार म्हणून सही करायला आला. कलम ५ वाचून तो स्वतःचा चष्मा पुसत बसला. मग काहीतरी पुटपुटला. मी "काय?" म्हटल्यावर मोठ्याने म्हणाला, "काका, उलटं झालंय. दीपस्तंभवाला कागद ताईंचा. साखरेचा धाकट्याचा."

मी दोघांना बोलावलं.

"दीपस्तंभ तुझा?" मी थोरलीला विचारलं.

"माझाच. तुम्ही वाचणार हे माहीत असताना साखरेचं कसं लिहू, बाबा? आणि तुम्ही समोर धडधाकट बसलेले. रडू कुठून आणू?"

"आणि तुझ्या यंत्राला साखरेचं कोण बोललं?"

"मी," धाकटा म्हणाला. "पहिलवानांच्या सभेनंतर अक्कल आली. ह्या वेळी आधी चहावाल्याकडे जाऊन बसलो, लिफ्टवाल्याकडे बसलो, ह्या चष्मेवाल्यांकडे बसलो. ऐकलं ते सगळं यंत्राला सांगितलं. तरी त्याने तुम्हाला मितभाषी केलं."

"मग?"

"खोडलं."

थोरलीने दुसरा कागद ओढून घेतला. "'रोज. प्रत्येक ग्राहकाचा.' हे त्याचं की तुझं?"

"माझं."

"बरं आहे," ती म्हणाली. "पण 'स्वतः' काढ. घोट काय दुसरा कोणी घेणार आहे?"

"काढतो, ताई."

पहिलवानांच्या सभेनंतर दोघं एकमेकांशी पहिल्यांदा बोलले ते हे. मी मध्ये पडलो नाही.

सबब कलम ५ मधली वाटणी रद्द. मजकूर मात्र तसाच ठेवतो, कारण मृत्युपत्रात खाडाखोड दिसली की वकिलांना संशय येतो. दुकान दोघांना मिळून, यंत्रासकट. अटी अशा: ग्राहकासमोर बसून त्याचं ऐकून घेतल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही. यंत्राने दिलेला कुठलाही कागद एकदाही न खोडता दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही. थोरलीने ग्राहकासमोर उसासे टाकायचे नाहीत. मागच्या खोलीत जाऊन टाकावेत. माझ्या शोकसभेला दुसरा कागद वाचावा, 'स्वतः' वगळून, आणि थोरलीने वाचावा. तेव्हा मी समोर बसलेला नसेन, अडचण येऊ नये.

माझ्या कानांबद्दल वर जे लिहिलं आहे, ते मात्र मागे घेत नाही. एकदा चुकलं म्हणून जन्मभराचे कान बाद होत नाहीत.

हे सर्व वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

सही: दुकानाचा मालक
ठिकाण: दुकान, ग्राहकाची खुर्ची
तारीख: मुद्रांकावर आहे तीच

साक्षीदार १: शेजारचा चष्मेवाला
साक्षीदार २: समोरचा चहावाला (साखरेबाबतचा मजकूर खरा आहे)

डॉक्टरांचा दाखला: वरील गृहस्थांना मी आज तपासलं. मन स्थिर, बुद्धी शाबूत. साखर वाढलेली आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने कमी येतं. सबब हे मृत्युपत्र त्यांना दोनदा, ओरडून वाचून दाखवण्यात आलं.