पायी बोललेला नवस

आई,

नागपूरच्या दवाखान्यातून तुझ्या अतुलचा नमस्कार. फोनवर तुले ऐकू येत नाही, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या सुनेच्या, अर्चनाच्या हाती सौंसरले पाठवून राहिलो. घरी नातीकडून, नेहाकडून वाचून घेजो.

कार पलटली त्यात मलेच जास्त लागलं, पण डोकं, हात सगळं ठीक आहे. जेवण जाते. इथली भाजी मात्र निस्ती पानचट. तुझा गुडघा कसा आहे? गॅसवर दूध ठेवून झोपत नको जाऊ.

काल पाठीचा एमआरआय झाला. अंगठी, करदोडा काढून घेतला अन् बोगद्यासारख्या मशीनमंधी सरकवलं. आत सारखी ठोकाठोकी. मशीनवाला म्हणे, "भाऊ, पाय बिलकुल हलवू नका."

मी सारा वेळ हलवूनच पाहून राहिलो होतो, आई. बाहेर काढल्यावर तो म्हणे, "छान! असं स्थिर कोणी झोपत नाही."

नेहा सांगे, पोराले पायी जामसांवलीच्या हनुमानजीले आणीन असा नवस तू बोलली. त्यातलं चालणं तेवढं हनुमानजीकडून सोडवून घे. ते रागावणार नाहीत. तेही तिथं आडवे निजूनच आहेत ना.

तुझा,
अतुल