मधलं नाव

बाबा, काल मी पुन्हा तेच नाव पुकारलं. एका शाळेचं बक्षीस-वाटप होतं, भोंगे आपलेच लागले होते. कवायतीचे मास्तर मशीनपाशी आले आणि म्हणाले, पोरांची कवायत त्या 'वर घे रे, वर घे'वर बसवली आहे, तेवढं लावा. आता माझ्याकडं सगळ्या कॅसेट असतात, पण ती छोटी रेकॉर्ड मी अजून पेटीत बाळगतो. तुम्ही ठेवायचे त्याच जागी, सनईच्या रेकॉर्डखाली. मास्तर तरुण होते. "लहानपणी आम्हीसुद्धा याच्यावरच कवायत केली," म्हणाले, "कोण हो हा गायक? पुढं काही कानावर आलं नाही त्याचं." मी माईक हातात घेतला. तोंडाशी माझं खरं नाव आलं होतं, मध्ये तुमचं नाव घेऊन, आडनावासकट. आणि मी रेकॉर्डवर छापलेलं नाव वाचून दाखवलं. सुई ठेवली. मैदानभर पोरं हात वर करून उभी, आणि मी मशीनमागं पायाजवळची वायर बघत बसलो. रात्री झोप आली नाही, म्हणून आज दुकान उघडून आधी हे लिहायला घेतलं आहे. गिऱ्हाईक आलं तर उठावं लागेल.

दुकान अजून तिथंच आहे, गांधीबागेच्या त्या बोळात. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं अजून जाता जाता आत डोकावतात आणि भोंग्याची ऑर्डर देऊन जातात. तुम्ही बसायचे ते स्टूल मात्र मोडलं. तुमची एक सवय साऱ्या नागपुरात कोणाला नव्हती. दुसरे लोक सरळ रेकॉर्ड लावून विडी ओढायला जायचे. तुम्ही प्रत्येक रेकॉर्डच्या आधी माईक फुंकून गाणाऱ्याचं नाव पुकारायचे, पूर्ण नाव, जणू तो माणूस मांडवात येऊन बसला आहे. नवरदेवाकडचे वैतागायचे, "अहो, गाणं लावा नं!" तुम्ही म्हणायचे, "मान्सानं गायलं हाये नं जी? मंग त्याचं नाव नोको घेऊ का?" आणि दुसरी गोष्ट म्हणजे भोंगा चढवणं. उंच बांबूला भोंगा बांधायचा आणि दोघा-तिघांनी मिळून तो बांबू उभा करायचा. तेव्हा तुम्ही एका चालीवर ओरडायचे, "वर घे गा, वर घे! खाली नोको पाहू, वर घे!" खाली पाहिलं की बांबू डुलतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. तुमच्या आवाजाला सूर नव्हता. ताल मात्र असा होता की रस्त्यावरचा माणूससुद्धा येऊन हात लावायचा.

कॉलेजात गेलो आणि मला हे सगळं नकोसं झालं. तिथं आमचा ऑर्केस्ट्रा होता, एक अकॉर्डियन, एक गिटार, बोंगो, आणि गायला मी. आणि ती होती. स्नेहसंमेलनात निवेदन करायची. तिनं माझं नाव पुकारलं की माझे कान तापायचे. तिच्या घरी सगळे ऑफिसातले, वडील हेडक्लार्क, भाऊ बँकेत. हजेरीला माझं पूर्ण नाव ती रोज ऐकत होती, तिला काही फरक पडलेला दिसला नाही. पण तिच्या घराच्या फाटकावर पितळेची पाटी होती, आणि त्या पाटीसमोरून सायकलनं जाताना मला माझंच आडनाव पाठीवर बांधल्यासारखं वाटायचं. एकदा तिनं विचारलं, "सगळी गाणी रडकीच का गाता तुम्ही लोक? एखादं असं करा ना, की ऐकलं की माणूस उठून चालायला लागेल." त्याच दिवशी संध्याकाळी अकॉर्डियनवाल्याच्या गच्चीवर गाणं झालं. मला काही सुचवावं लागलंच नाही, बाबा. तोंडातून 'वर घे' निघालं आणि पुढचं त्याच्यामागं चालत आलं. फक्त 'गा'च्या जागी मी 'रे' केलं, 'नोको'चं 'नको' केलं, आणि बांबू काढून टाकला. लोकांना वाटलं, मान वर घे असं म्हणतोय. मीही तसंच वाटू दिलं.

मुंबईच्या एका छोट्या कंपनीचा माणूस आमचा कार्यक्रम ऐकून गेला आणि त्यानं बोलावणं पाठवलं. परीक्षा तोंडावर होती. तुम्ही एवढंच म्हणाले, "परीक्षा देऊन गेला तं रेकॉर्ड पळून जाते का गा?" मी जेवणाचं ताट सरकवून दिलं. म्हणालो, तुम्हाला काय कळतं, जन्मभर दुसऱ्यांची गाणी वाजवली तुम्ही. आई चुलीपाशी तशीच थांबली. तुम्ही ताट पुन्हा माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "जेऊन तं घे. उपाशी गाशीन तं आवाज फाटन." मी उपाशीच गाडीत बसलो. आवाज मात्र फाटला नाही. स्टुडिओत सगळं दुपारच्या चहापर्यंत आटोपलं. संगीतकारानं टाळ्या घातल्या, मागं चार मुली 'वर घे, वर घे' म्हणायला उभ्या केल्या. तो विचारत होता, "हा ठेका कुठून उचलला हो?" मी म्हणालो, असाच सुचला. कॉलेजात मी परत गेलो नाही.

मी मुंबईहून येईपर्यंत तुम्ही वस्तीत सांगून ठेवलं होतं की रेकॉर्डवर तुमचंही नाव येणार आहे. येणारच ना. पोराचं पूर्ण नाव लिहायचं म्हटलं की बापाचं नाव मध्ये येतंच. शाळेच्या दाखल्यावर आलं तसं रेकॉर्डवर येईल, असा तुमचा सरळ हिशेब. रेकॉर्डची पेटी आली तेव्हा तुम्ही हात धुऊन आले, धोतराला पुसले, रेकॉर्ड कडेनं धरून उजेडात नेली आणि एकेक अक्षर लावत वाचू लागले. एकदा वाचलं. उलटून दुसऱ्या बाजूनं वाचलं. मग म्हणाले, "हे कोणाची पाठवली रे त्यायनं?" मी म्हणालो, माझीच आहे. कंपनीनं नाव बदललं. असंच करतात तिथं, सगळ्यांचं करतात. तुम्ही रेकॉर्ड पुन्हा उजेडात धरली. मग हसले. "असन बाप्पा. नाटकातले लोकंबी बदलवते." आणि रेकॉर्ड लावली. पहिल्या 'वर घे'ला तुमचे डोळे एवढे मोठे झाले. "अरे! हे तं भोंगा चढवाचं हाये! आवं, आयकलं का वं, पोट्ट्यानं भोंग्याचं गाणं केलं!" आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी मात्र उठून दार लोटून घेतलं. हे कोणाला कळलं तर, एवढंच डोक्यात.

त्याच रविवारी तुम्ही वस्तीच्या विहारासमोर भोंगा लावला. कोणाचं लग्न नाही, जयंती नाही, उगाच. मी पानठेल्यावर उभा होतो. तुम्ही माईक फुंकला आणि पुकारलं माझं नाव, मध्ये तुमचं नाव आणि आडनाव, असं की मोठ्या रस्त्यापर्यंत ऐकू जावं. मी धावत आलो आणि वायरच उपटली. भोंगा चिरकला. समोर बायका, म्हातारे, पोरं, सगळी उभी. मी ओरडलो, "रेकॉर्डवर जे आहे तेच म्हणायचं! दुसरं काही म्हणायचं नाही!" कोणीतरी म्हातारं बोललं, "बापाले असं बोलते का गा?" तुम्ही त्यांनाच आवरलं. "जाऊ द्या, त्याच्या धंद्याची गोष्ट हाये." मग तुटलेली वायर दातांनी सोलून जोडली, आणि छापलेलं नाव पुकारून रेकॉर्ड लावली. तुमच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही ते इतरांची पुकारायचे तितक्याच आदरानं पुकारलं.

गाणं चाललं, बाबा. फार नाही, पण आपल्या भागात चाललं. रेडिओवर फर्माइशी आल्या, शाळांनी कवायतीला घेतलं, पारशिवनीकडच्या एका पोरीनं पत्र पाठवलं की तिची आजारी आई हे गाणं ऐकून अंथरुणात उठून बसली. ते पत्र मी खिशात घालून फिरायचो. आणि त्या पितळी पाटीच्या घरी मला बोलावणं आलं, तिच्या भावाचं. छापलेल्या नावानं. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. "गायक म्हणून तुम्ही यायचंच," म्हणाला. मी नवी पँट शिवली. मांडवात पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली, हाताला अत्तर लागलं. मग मांडवाच्या कोपऱ्यातून माईक फुंकल्याचा आवाज आला आणि मला मान न वळवताच कळलं. बस्ता बांधायला आले असतील गांधीबागेत. दुसरं काय.

अक्षता पडल्या. तिचा भाऊ कोपऱ्याकडं बघून ओरडला, "अहो लाऊडस्पीकरवाले, ती 'वर घे रे' असेल ना तुमच्याकडं? लावा की! गायक इथंच बसलेत!" तुम्ही म्हणाले, "हाये नं जी. कोणाकडं नसन ते?" आणि रेकॉर्डवरचं नाव पुकारलं, एक अक्षर इकडं तिकडं नाही. लोकांनी माझ्याकडं वळून टाळ्या वाजवल्या. गाणं संपल्यावर तिचे काका पानाचं तबक घेऊन तुमच्याशी बोलत उभे राहिले, "तुम्ही याच धंद्यातले. ओळखत असाल यांना?" तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाहिलं. फडकं घेऊन रेकॉर्ड पुसायला लागले, गोल, सावकाश. ती पुसलेलीच होती. मला वेळ देत होते तुम्ही. माझ्या हातात पानाचा विडा होता आणि मी त्यातली लवंग बघत होतो. मग तुम्ही म्हणाले, "नाही जी. रेकॉर्ड तेवढी आयकली हाये. पोट्टं गाते बाकी चांगलं."

पंगतीनंतर तुम्ही खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन माझ्याजवळून गेले. "सरका जरा साहेब, वायर काढाची हाये." मी सरकलो. हात धुवायच्या जागी ती आली. "ते तुझे वडील आहेत ना?" मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, "कोणी नाही. तू तो विडा ज्या तऱ्हेनं बघत बसला होतास, त्यावरून कळलं." मग म्हणाली, "मी आज दादाला तुझं खरं नाव सांगणार होते. भांडायची तयारी करून आले होते. आता काय सांगू?" मी काही बोलायच्या आत तिला कोणीतरी हाक मारली. त्यानंतर ती मला भेटली नाही. मी तिच्या फाटकासमोरून खूप चकरा मारल्या.

आणि माझी मजल बघा. त्या संध्याकाळी मी तुमच्यावरच चिडलो. "नाही कशाला म्हणालात?" तुम्ही दुकानात वायर गुंडाळत होते. टोमणा नव्हता तुमच्या आवाजात, अजून ऐकू येतो मला तो. "मंग काय म्हणाचं होतं? रेकॉर्डवर हाये तेच म्हणाचं, तूच तं सांगतलं." मग जरा वेळानं, "जिलबी चांगली होती, नाही का गा?"

दुसरी रेकॉर्ड निघालीच नाही. मी इकडंतिकडं गायलो, भांडलो, परत आलो. तुम्हाला कावीळ झाली तेव्हा मी दुकानात बसायला लागलो, आणि तुम्ही गेल्यावर बसूनच राहिलो. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर भिवापूरकडचे एक मिरचीचे व्यापारी होते. तुम्हाला धड बसता येत नव्हतं, तरी त्यांना सांगत होते, "ते 'वर घे'चं गाणं आयकलं नं तुमी? माह्या पोराचं हाये. नाव कंपनीनं बदलवलं म्हून, नाही तं माहंबी असतं त्याच्यावर." मी उशाशी उभा राहून मोसंबी सोलत होतो. तेव्हा बोलता आलं असतं. वस्तीत अजून लोक तसंच सांगतात, कंपनीनं बदललं. मीही कोणाला अडवलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच हात पुढं जातो आहे. बाबा, कंपनीनं काही बदललं नव्हतं. स्टुडिओत नाव विचारणारा माणूस म्हातारा होता, सभ्य होता. मी ते दुसरं नाव सांगितलं, त्यानं लिहून घेतलं, आणि वर पाहून आपुलकीनं विचारलं, "वडिलांचं नाव मध्ये टाकू ना? शोभून दिसतं." मी म्हणालो, वडील नाहीत. विषय तिथंच मिटेल असं वाटलं होतं. त्यानं पेन खाली ठेवलं. "अरेरे," म्हणाला, "कधी गेले?"

आणि मी सांगितलंसुद्धा.