परतीचा कोड

ती. स्व. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींना सांगा, मी वेळेवर जेवतो. (आईला मात्र या पत्राबद्दल बोलू नका.)

मामा, मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. माझ्या डाव्या पंखाशेजारी एक हेलिकॉप्टर आलं आणि मी त्याला हात केला.

पण आधीपासून सांगतो. कुणी बडे पाहुणे यायचे म्हणून आमच्या आकाशाला तीन दिवस कुंपण घातलं होतं. पन्नास किलोमीटरचं वर्तुळ. आत यायचं किंवा बाहेर जायचं तर आधी कागद भरायचा, मग चार आकडी कोड मिळतो, तो विमानातल्या यंत्रात घालायचा, म्हणजे रडारवाल्यांना पडद्यावर आपण कोण ते कळतं. आमच्या फ्लाइंग क्लबात हे कागद आणि कोड सांभाळते ती नियोजनाच्या टेबलावरची मुलगी. (हो, तीच. मामींना इतक्यात सांगू नका.)

त्या सकाळी मला वर्तुळाबाहेरच्या एका धावपट्टीवर एक पंप पोचवायचा होता आणि तिचं-माझं बिनसलं होतं. मी एवढंच म्हणालो, की तू माझ्याशी सगळ्यांशी बोलतेस तसंच बोलतेस. तर म्हणते, "मग तुझ्यासाठी वेगळा आवाज कुठून आणू?" माझं डोकं फिरलं. (कॉलेजात फिरलं होतं तसंच, सरांनी वर्गाबाहेर जा म्हटलं आणि मी कॉलेजाबाहेर गेलो.) ठरवलं, आता तिचा फोन आल्याशिवाय आपण करायचा नाही.

जाताना सगळं सुरळीत. पंप दिला, चहा प्यालो, फोनकडे पाहिलं. तिचा फोन नाही. मग मीही पाऊण तास बाकावर बसून तिला फोन केला नाही, आणि शेवटी जातानाचाच कोड ठेवून परत निघालो. आता तुम्हीच सांगा, तो परतीच्या तिकिटासारखा चालेल असं कुणालाही वाटेल की नाही? चालत नाही. एकदा उतरलात की तो कोड मेला. परतताना नवा घ्यायचा, आणि तो फोन करून मागायचा. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

वर्तुळात शिरलो तो पडद्यावर कुणी अनोळखी इसम म्हणून. दहा मिनिटांत हेलिकॉप्टर. आतल्या माणसानं काचेला पाटी लावली होती, अमुक नंबरावर रेडिओ लावून बोला अशी. मला वाटलं, सोबतीला आलेत. मी हात केला. त्यानं पाटी ठोकली. मी दोन्ही हात केले. दोन्ही हात सोडल्यावर विमान डुलतं. (पंख डुलवणं म्हणजे 'तुमचं ऐकतो' अशी खूण असते. त्या दिवशी माझ्या हातून घडलेली ती एकच बरोबर गोष्ट.)

उतरल्यावर चार तास चौकशी. कप्तान, म्हणजे आमचे मुख्य शिक्षक, पुन्हा पुन्हा एकच विचारत होते: परतीचा कोड मागायला तुला सांगितलं होतं का? मी म्हणालो, नाही. पुढच्या सोमवारी निर्णय. परवाना गेला तर मामा, कॉलेजही नाही आणि आकाशही नाही.

तुमचा भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. कप्तान तुमच्या शाळेतले, तुमचेच विद्यार्थी. तुमचं नाव निघालं की अजून खुर्चीत सरळ बसतात. त्यांना दोन ओळी लिहा, की भाचा तापट आहे, पण खोटं बोलत नाही.

ता. क. २. क्लबातच बसून पाकीट चिकटवणार तेवढ्यात पाहिलं, नियोजनाच्या टेबलावर रेडिओ दुरुस्त करणारे काका बसलेत. तिला घरी बसवलंय. सांगायचं काम तिचं होतं आणि तिनं सांगितलं नाही, म्हणून. ती खण रिकामा करत होती. मी विचारलं, तू काही बोलली का नाहीस? म्हणाली, "तू बोलशील म्हणून थांबले होते. आता कंटाळा आला."

ता. क. ३. तिनं सांगितलं होतं, मामा. तीनदा. तिसऱ्यांदा तर मी तिच्या तोंडासमोर माझ्या कानांवर हेडफोन चढवला. तेव्हा त्या दोन ओळी लिहू नका. तुम्ही आजवर कुणाला खोटा दाखला दिलेला नाही. कप्तान समोरच्या खोलीत आहेत, मी उठतोय. पत्र खिशात घेतो, तिथून निघालो की पेटीत टाकेन. या खोलीचं दार धड लागत नाही, दणकून ओढावं लागतं, म्हणजे मी भडकून गेलो असंच सगळ्यांना वाटणार. वाटू दे. ओढतो.