भिंतीवरची आई

स्पोलेतो, ता. ११ फेब्रुवारी १५९९

चि. एर्कोलेस अनेक उ. आ.

खोकला गेला असं लिहितोस. तुझ्या लिहिण्यावर माझा विश्वास नाही. परांचीवर लोकरीचं घालत जा.

आता मुद्द्याचं. माझ्या ओरात्सिओने धर्मप्रसारासाठी जपानला पाठवा म्हणून मठातल्या वरिष्ठांकडे अर्ज केलाय. तिथे परवाच्या साली आपल्या धर्माच्या सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, आणि हा लग्नाला निघाल्यासारखा लिहितो. म्हणे, रोज पहाटे मामाच्या भिंतीपुढे उभा राहतो. तिथे एक जुना हुतात्मा उकळत्या तेलात बसलाय आणि चेहरा जेवायला बसल्यासारखा. एर्कोले, तू रंगवतोस आणि माझं पोर मरायला शिकतं.

आमचे पाद्री म्हणतात, हुतात्म्याची आई भाग्यवान. सांगणाऱ्याला पोर नाही. नवरा गेल्यावर मला हाच एक उरला. त्या भिंतीवर कुणाची तरी आई काढ. तिला बघून तो थांबेल.

तुझी माया असू दे.
लाउदोमिया

रोम, ता. २० मार्च १५९९

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं बोलणं लागलं. पण ते चेहरे माझ्या मर्जीचे नाहीत. अंग कापलेलं, मुद्रा शांत, असा मठाच्या प्रमुखांचा, रेक्टरांचा हुकूम. आपले पहिले ख्रिस्ती असेच होते म्हणतात. त्याचे पुरावे बघायला त्यांनीच आम्हाला सालारिया वेशीबाहेर, द्राक्षमळ्याखाली सापडलेल्या थडग्यांत उतरवलं. मशालीच्या उजेडात मी भिंतीमागून भिंत पाहिली. कढई नाही, सुरी नाही. खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ आहे, आणि दोन्ही हात वर करून प्रार्थना करणारी एक बाई. त्या लोकांनी आपल्या माणसांच्या जखमा काढल्याच नाहीत. हे बोललो तर रेक्टर म्हणाले, त्यांना गरज नव्हती, आपल्याला आहे.

मग मी तीच बाई कढईशेजारी उभी केली. हात तसेच वर, चेहरा तुझा. डोळ्यांतलं पाणी गिलावा ओला असतानाच काढलं, म्हणजे पुसता येणार नाही.

ओरात्सिओने तुला लगेच ओळखलं. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी परांचीवर येऊन म्हणाला, या चित्रांत मागे कुणीच राहत नव्हतं, म्हणून जाणं सोपं वाटायचं. आता ते अवघड झालंय, तरी मी जाणार. ईस्टरनंतर तुला भेटून तो जहाज गाठायला लिस्बनकडे निघेल. ताई, मला खरंच वाटलं होतं तो थांबेल.

रेक्टर चिडलेत. हुतात्म्याची आई रडत नसते म्हणाले. मेअखेरच्या पेंटेकॉस्टच्या सणाआत तो चेहरा खरवडून शांत काढायचा, नाहीतर दुसरा चितारी येईल. काय करू, तूच सांग.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
एर्कोले

स्पोलेतो, ता. ६ मे १५९९

चि. एर्कोलेस अनेक उ. आ.

ओरात्सिओ येऊन गेला. पूर्वी घरी आला की मला संतांच्या कथा ऐकवायचा. या खेपेला मी त्याच्यासमोर रडले तर नुसता जवळ बसून राहिला, हात सोडला नाही. जाऊ नकोस म्हणाले. मान खाली घालून ऐकलं, आणि गेला. तो परत दिसेल असं मला वाटत नाही.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. निदान निघताना त्याने मला नीट पाहिलं.

काम गेलं तर इकडे ये. मसूर आहे, तेल आहे, दोघांना पुरेल. पण तुझ्या हाताने तो चेहरा खरवडू नकोस. माझा गेला, उद्या त्या भिंतीपुढे दुसऱ्या कुणाचा मुलगा उभा राहील, त्याच्या आईला तिथून काढू नकोस.

तुझी,
ताई