थुनेरची कुंडी

१९ एप्रिल १९९८
उद्या मुरगूडला. ताईच्या लेकीचं बाळंतपण, महिनाभर तरी सुटका नाही. गॅलरीतल्या बाकीच्या कुंड्या गेल्या तरी चालतील, थुनेर जगला पाहिजे! उदयसिंहनं, माझ्या धाकट्या भावानं, फौजेतून सुट्टीवर येताना हिमाचलातून बिस्किटाच्या डब्यात घालून आणलेलं रोप. इंग्रजीत यू म्हणे. तीन वर्षांत वीतभर वाढलंय — पण कोल्हापुरात वाढलंय! काळी माती अजिबात नाही, मुरूम आणि जाड वाळू. तळाला विटांचे तुकडे. सकाळचं कोवळं ऊन, मग कुंडीभोवती ओलं पोतं.

किल्ली वरच्या मजल्यावरच्या वर्षाराणीकडे दिली. ह्यांच्या हातात तांब्या देण्यापेक्षा झाड उपटलेलं बरं. तिला बजावलं, बोट घालून बघ, माती कोरडी लागली तरच पाणी. मुळाशी पाणी साठलं की संपलं. ती म्हणाली, "मला शिकवतीस व्हय? बारा वर्षं दोघी मिळून कुंड्या भरतोय." मग हळूच, "एक फांदी दे की कलमाला." नाही म्हटलं. एवढ्याशा रोपाची फांदी कशी देऊ? हसली, पण जरा खट्टू झाली.

३ मे
मुलगी झाली. रात्री ह्यांचा फोन. झाडाचं विचारलं तर "हाय, हाय, झाड हाय. तू जेवलीस का?"

२४ मे
परत आले. थुनेर तपकिरी पडलाय. हात लावला की पानं गळतात. कुंडी उपडी केली — मुळं काळी, कुजका वास. आणि तळाचं भोक सिमेंटनं बुजवलेलं! बोटानं नीट सारवून. पाणी जाणार कुठं?

ह्यांना विचारलं. "मला काय म्हाईत? मी दिवसभर कारखान्यात. तीच यायची रोज."

सिमेंट कुठलं ते सांगायला नको. वर्षाराणीच्या न्हाणीघरात फरशी बसवतायत, पोतं जिन्यातच आहे.

२५ मे
वर जाऊन बोलून आले. नको नको ते बोलले. फांदी दिली नाही म्हणून झाडाचा जीव घेतलास, म्हणाले. ती म्हणाली, "निशा, मी बोट घालूनच पाणी देत होतो. वरची माती कोरडीच लागायची." मी ऐकलं नाही, किल्ली मागितली. तिनं हातात न देता उंबऱ्यावर ठेवली.

केसानं गळा कापला बाईनं! माझ्या ऑपरेशनला दवाखान्यात उशाशी बसली होती ती हीच. सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते हिला सांगितलं. दुपारभर रडले. आज ह्यांना सुट्टी, हे पाणी घेऊन आले, शेजारी बसले. म्हणाले, "मी तुला आधीच सांगत हुतो, लई जवळ करू नको." बरं वाटलं. निदान घरचं माणूस तरी आपल्या बाजूनं आहे.

२ जून
जिन्यात समोर आली. मी भिंतीकडे बघत उतरले.

९ जून
तळमजल्यावरच्या धोंडुबाई उडदाचे पापड घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमच्या कुंडीचं पाणी आमच्या वाळवणावर ठिबकायचं. एकदाच सांगितलं तुमच्या मालकांस्नी, तर लगेच जिन्यातलं सिमेंट लावून भोक मुजवलं की. लई गुणाचा माणूस."

पापड घेतले, आभारही मानले. मग स्वयंपाकघरात जाऊन खाली बसले.

भोक बुजवलं ते एकवेळ सोडा. ह्यांना झाडातलं काय कळतंय! पण मी तणतणत वर निघाले तेव्हा हे इथंच बसले होते, पेपर वाचत. मान वर करून बघितलंसुद्धा माझ्याकडे.

१० जून
जेवताना विचारलं. नाही म्हणाले नाहीत. "व्हय, मीच."

मग मी भांडायला निघाले तेव्हा बोलला का नाहीत?

आमटीत भाकरी चुरत म्हणाले, "तुमची दोघींची उठबस लई वाढलीती. आपसूक मिटलं, बरं झालं की."